खाटेखालचं गाव

मुंगी आत्याकडे राहायला आली तेव्हा आत्याला मुलांमधलं ओ की ठो कळत नव्हतं.

तिला पुठ्ठा कळायचा. ऐन विशीत ती खोक्यांच्या कारखान्यात लागली होती आणि आता केस पिकायला लागले तरी तिथेच होती. बुटांची खोकी, औषधांची खोकी, केकची खोकी. पुठ्ठा कापायचा, दुमडायचा, खळ लावायची, पुढचा ओढायचा. या रगाड्यात लग्न राहून गेलं ते गेलंच. "जगाला खोकी पुरवलीस आणि स्वतः मोकळीच राहिलीस," असं शेजारच्या टेबलावरची कात्रीवाली तिला म्हणायची. कात्रीवालीच्या कात्रीपेक्षा तिच्या जिभेलाच जास्त धार होती, पण आत्याला दुसरी मैत्रीण नव्हती.

आत्याचा धाकटा भाऊ अपघातात गेला. सकाळी दाढी करून, शीळ वाजवत घराबाहेर पडलेला माणूस दुपारी नव्हता. मागे त्याची बायको राहिली आणि तीन वर्षांची पोर. बायको नर्स होती. परदेशातल्या एका इस्पितळात तिला काम मिळालं, पण तिथे मूल सोबत न्यायची परवानगी नव्हती. "ताई, दोनच वर्षं सांभाळा हिला," ती नणंदेला म्हणाली. आत्याने पोरीला कडेवर घेतलं. भावजय गाडीत बसली ती मागे वळून न बघता. वळली असती तर गेलीच नसती, हे आत्याला कळत होतं. पोरीचं ते कळायचं वय नव्हतं.

दोनाची चार वर्षं झाली.

सुरुवातीला पोर नुसती रडायची. मग रडायची थांबली, आणि ते जास्त वाईट होतं. दाराशी बसून राहायची. भरवलं की जेवायची, निजवलं की निजायची. आत्याने बाजारातून चांगली डोळे मिटणारी बाहुली आणली, तिच्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. "लग्न न झालेल्या बाईच्या गळ्यात मूल बांधलं की असंच होणार," शेजारीण आत्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली.

मग एकदा आत्याने कारखान्यातून पिशवीभर कात्रणं आणली. कपाटाचा एक पाय आखूड होता, त्याखाली सारायला. पिशवी दाराशी टेकवून ती चहा टाकायला गेली आणि परत येते तो पोरीने जमिनीवर भिंत बांधायला घेतलेली. एक तुकडा मुठीत धरायचा, दुडूदुडू भिंतीपर्यंत न्यायचा, ठेवायचा, पुन्हा पिशवीकडे. जिभेचं टोक बाहेर. आत्या आल्याचंही तिला भान नव्हतं.

"मुंगीच आहे बाई," आत्या म्हणाली. ते नाव पोरीला चिकटलं ते चिकटलंच. कपाट मात्र डगमगतच राहिलं, कारण त्या दिवसापासून एकही कात्रण त्याच्या वाट्याला आलं नाही.

आत्या हळूहळू शिकली. मुंगीने एकदा चार पायांचं काहीतरी केलं. "वा! खुर्ची झकास जमलीय," आत्या कौतुकाने म्हणाली. "घोडा आहे," मुंगी म्हणाली आणि तिने त्या घोड्यावर पाय दिला. तेव्हापासून आत्याने कानाला खडा लावला. आपण नाव द्यायचं नाही. "याची काय गंमत आहे?" एवढंच विचारायचं आणि खाली बसायचं. एरवी तोंडात मूग धरून बसणारी पोर मग अशी सुटायची की आत्याचा भात करपायचा.

सगळ्यात अवघड होतं ते हात न लावणं. जन्मभर सरळ रेघेत पुठ्ठा कापलेल्या बाईला मुंगीचं वाकडंतिकडं कापणं बघवायचं नाही. तिचे हात शिवशिवायचे. "दे इकडे, मी करते," हे शब्द अगदी ओठांवर यायचे. ती हात पाठीमागे बांधून उभी राहायची आणि ओठ दाबून धरायची. पत्र्याच्या डब्यात मैद्याची खळ असायची, बोथट टोकाची कात्री असायची, आणि पोरीच्या केसांत, कोपरांना, उशीला कुठेतरी खळ वाळलेली असायची. "घर आहे की उकिरडा?" शेजारीण म्हणायची. "पोरीला पाढे शिकव जरा."

"पाढे शाळेत शिकवतात," आत्या म्हणायची. "हे कुठेच शिकवत नाहीत."

होता होता आत्याच्या खाटेखाली एक गाव वसलं. त्यात रस्ते होते, पूल होता, औषधाच्या खोक्याची शाळा होती. शाळेला खिडक्या भरपूर आणि दार एकही नव्हतं, कारण मुंगीच्या मते दार असलं की बाई आत येतात. कात्रीवाली होती, तिला कमरेपासून खाली पायांऐवजी कात्री होती. ते ऐकून कात्रीवाली इतकी हसली की तिला ठसका लागला. शेजारीणही होती, भिंतीला कान लावून उभी. आत्या होती, सगळ्यांत उंच.

आई नव्हती.

हे आत्याच्या लक्षात आलं तेव्हा तिला चरचरलं. भावजय सुट्टीच्या दिवशी फोन करायची, पडद्यावर तिचा दमलेला चेहरा दिसायचा. मुंगी समोर बसायची, विचारलेल्याची उत्तरं द्यायची आणि सुटका झाल्यासारखी पळायची.

"मुंगे, गावात आईचं घर कुठंय गं?" आत्याने एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं.

"ती फोनमध्ये राहते ना," मुंगी म्हणाली. तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

आत्या खाटेपाशी खाली बसली. "मग फोनचं घर कर."

"फोनला दार नसतं."

"तुझ्या गावातल्या फोनला असू दे की. तुझं गाव, तुझा कायदा."

मुंगीने विचार केला आणि एक चपटं खोकं उभं करून त्याला दार कापलं. आत कागदाची आई बसवली. त्यानंतर आत्याने वसाच घेतला म्हणा ना. आई आज काय करत असेल? तिच्या इस्पितळात खाटा किती? कोणाला बरं केलं असेल तिने? मुंगी खाटा करायची, आजारी माणसं करायची, आणि फोनवर आईला विचारायची की पाय मोडलेल्या माणसाला झोपवतात कसं. पण ती आईला म्हणायची "तुम्ही". तुम्ही कशा आहात, तुम्ही जेवलात का. आत्याला "तू", कात्रीवालीला "तू", रस्त्यावरच्या मांजरालाही "तू", आणि आईला "तुम्ही". "अगं, आईला कोणी तुम्ही म्हणतं का?" आत्या दटावायची. मुंगी मान डोलवायची आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच.

भावजय परत आली ती मुंगी सात वर्षांची असताना. दुसऱ्या शहरातल्या इस्पितळात तिने नोकरी मिळवली होती, राहायला एक खोली होती. महिनाभर नणंदेकडे राहायचं, लेकीला सवय होऊ द्यायची आणि मग तिला घेऊन जायचं, असा बेत होता.

दारात तिने हात पसरले. मुंगी आत्याच्या मागे गेली.

"आई आहे गं तुझी," आत्या म्हणाली.

"माहितीय," मुंगी म्हणाली. "तुम्ही दमला असाल. बसा."

भावजय बसली. तिने बॅगेतून मोठ्ठी पेटी काढली. आत रंगीत लाकडी तुकडे, सगळे आधीच कापलेले, आणि ते कुठे बसवायचे त्याची चित्रं. मुंगीने चित्रात दाखवल्याप्रमाणे घर जोडलं, "छान आहे, थँक्यू" म्हणाली, पेटी बंद केली आणि खाटेखाली शिरली. भावजय त्या बंद पेटीकडे बघत राहिली. त्याच संध्याकाळी मुंगीने स्वयंपाकघरात हाक मारली, "आई, कात्री कुठंय?" भावजय झटकन उठली. पण पोर आत्याशी बोलत होती. अधूनमधून तिच्या तोंडून असं निघून जायचं. आत्याने शंभरदा समजावलं होतं. तरीही, खरं सांगायचं तर, दरवेळी ते ऐकून आत्याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

काही दिवसांनी ते घडलं. आत्या कारखान्यात, मुंगी शाळेत. भावजय एकटीच घरी. नुसतं बसून करायचं काय? तिने घर साफ करायला काढलं. नणंदेने आपल्या पोरीसाठी इतकी वर्षं खस्ता खाल्ल्या, निदान तिचं घर तरी लख्ख करावं. खाट सरकवली तर खाली पुठ्ठ्यांचा ढीग, पिठाची खळ, त्यावर झुरळं. इस्पितळात जन्म गेलेली बाई ती, तिच्या अंगावर काटा आला. दोनतीन चांगली दिसणारी घरं तिने बाजूला ठेवली, बाकीचं पोत्यात भरून खाली कचरागाडीत दिलं. लादी जंतुनाशकाने पुसली.

मुंगी शाळेतून आली, दप्तर टाकून खाटेखाली वाकली आणि तशीच राहिली. भावजयीला वाटलं, खूश झाली.

"तुम्ही टाकलंत?" मुंगीने विचारलं.

ती ओरडली नाही, आदळआपट केली नाही. दाराशी जाऊन बसली. आत्या घरी आली तेव्हा ती तिथेच होती, तीन वर्षांची असताना बसायची तशी, भिंतीला डोकं टेकून. आत्याने एकवार खाटेखाली पाहिलं, एकवार भावजयीच्या पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तिला सगळं समजलं.

"मला ठाऊक नव्हतं, ताई," भावजय म्हणाली. "मला वाटलं, कचरा."

आत्या दाराशी जाऊन पोरीशेजारी बसली.

झोपायच्या आधी मुंगी आत्याला बिलगली. "आत्या, त्यांना सांग ना, त्यांनी परत जावं. मी इथेच राहीन."

असं बोलू नये, म्हणायला हवं होतं. आत्याने म्हटलं नाही. तिने पोरीला आणखी जवळ ओढलं आणि थोपटत राहिली. पुढचे दोन दिवस पोर तिच्याच मागेमागे होती, तिच्याच ताटात जेवत होती, आणि आत्याला ते गोड लागत होतं. तिने कात्रीवालीला सांगितलं. कात्रीवालीने हातातला पुठ्ठा खाली ठेवला.

"हीच वेळ आहे," ती म्हणाली. "धरून ठेव. चार वर्षं हागलं-मुतलं तू काढलंस. आता आयत्या बिळावर नागोबा? पोर स्वतःच जायला नाही म्हणतेय. तू फक्त गप्प बस, बाकी आपोआप होईल."

आत्याला ते पटलं. अगदी मनापासून पटलं. नुसतं गप्प बसायचं होतं.

सुट्टीच्या दुपारी मुंगी झोपली होती. आत्या पाणी प्यायला उठली तर न्हाणीघराचं दार अर्धवट उघडं. भावजय ओल्या लादीवर बसली होती. शेजारी मळकं पोतं होतं. गावाबाहेर जिथे कचरा टाकतात तिथे ती सकाळी जाऊन आली होती, तिच्या चपलांना ती घाण तशीच होती. पोत्यात चेपलेला पूल, शाळेची एक भिंत, आणि कोणाचं तरी धड. नर्सच्या सवयीने तिने ते धुवून पुसून एका स्वच्छ टॉवेलवर मांडलं होतं, आणि जखमेला लावायच्या पट्टीने ती पुलाचे दोन तुकडे जोडत होती. पुठ्ठा भिजून लगदा झाला होता. पट्टी लावली की दुसरीकडून फाटत होता. ती पुन्हा लावत होती.

आत्या दारात उभी राहिली. तिला आपला भाऊ आठवला नाही, की कोणाचं ऋण आठवलं नाही. तिला एवढंच दिसलं की या बाईला तिच्या लेकीशी बोलायचंय आणि तिला भाषा येत नाही.

ती आत जाऊन भावजयीशेजारी लादीवर बसली.

"ते सोड. ते नाही जुळायचं."

"मग काय करू, ताई? ती माझ्याकडे बघतसुद्धा नाही."

"नवं काहीतरी कर. तिच्यासाठी नको करूस, तुझं तू कर. तिच्यासमोर."

"मला काही येत नाही हो. मला ड्रेसिंग येतं. फार तर प्लास्टर."

"मग प्लास्टर कर," आत्या म्हणाली. "आणि तिला हाक मारू नकोस. छान छान म्हणू नकोस. हे काय केलंस म्हणून विचारू नकोस." इतक्या वर्षांत जे हाती लागलं होतं ते सगळं आत्याने तिथेच, त्या ओल्या लादीवर, तिला देऊन टाकलं. देताना आतून काहीतरी सुटत गेलं, पण ती थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी भावजयीने औषधाच्या दुकानातून प्लास्टरच्या पट्ट्या आणल्या. तारेचा सांगाडा केला आणि त्यावर ओल्या पट्ट्या गुंडाळायला लागली. प्राणी करायचा होता म्हणे. आत्या रोज कारखान्यात जादा काम घेऊन उशिरा घरी यायची आणि आल्यावर काहीतरी निमित्त काढून शेजारणीकडे जाऊन बसायची. शेजारणीला आश्चर्य वाटलं, पण गप्पांना नाही म्हणणाऱ्यातली ती नव्हतीच.

पहिला प्राणी कोसळला. दुसऱ्याची मान गळून पडली. मुंगी दाराशी बसून बघत होती. तिसऱ्या वेळी आत्या चपला काढत होती, तेव्हा तिने ते ऐकलं.

"अगं असं नाही! किती पाणी घालतेस तू! आधी पोटात कागद भर ना, नाहीतर परत पडेल."

भावजयीचा हात जागीच थांबला. "तू" ऐकून तिचे डोळे भरून आले. पण शिकवलेलं तिच्या लक्षात होतं. ती फक्त म्हणाली, "किती कागद?"

"सरक. दाखवते."

आत्याने काढलेल्या चपला पुन्हा पायात घातल्या आणि आवाज न करता ती जिना उतरली.

त्यानंतर सगळं भराभर झालं. मायलेकींनी मिळून गाय केली, तिचं तोंड उंटासारखं झालं म्हणून तिला उंट ठरवलं. एकदा मुंगी ओल्या हातांनी आत्याकडे धावत आली. "आत्या, शेपटी राहतच नाहीये. कशी चिकटवू?"

आत्याला उत्तर माहीत होतं. तिने ते गिळलं.

"मला नाही गं कळत प्लास्टरमधलं. आईला विचार."

"तुला तर सगळं येतं!"

"हे नाही येत," आत्या म्हणाली. पोरीने तिच्याकडे जरा नवलाने पाहिलं, आणि वळून पळाली.

निघायच्या आदल्या दिवशी भावजयीने आत्याचे दोन्ही हात धरले. "तुम्हीही चला, ताई. कसंही भागवू. तुमच्याशिवाय मला ती मिळालीच नसती."

ती मनापासून बोलत होती, म्हणून आत्याला नाही म्हणणं आणखी जड गेलं. "एका खोलीत तिघी कुठे मावणार?" तिने हसून सांगितलं. खरं कारण खोली नव्हतं. आपण डोळ्यांसमोर असलो की पडल्यावर पोर आपल्याकडेच धावणार, आणि ही बिचारी हात पसरून उभीच राहणार, हे तिला माहीत होतं.

गाडी सुटायच्या वेळी मात्र मुंगीला समजलं. तोवर तिला वाटत होतं की आत्याही चढेल. ती असं ओरडली की फलाटावरची माणसं वळून बघायला लागली. तिने आत्याच्या बाहीला गच्च धरलं होतं, एकेक बोट सोडवावं लागलं. ती बोटं आत्याने स्वतः सोडवली. भावजयीला तिने ते करू दिलं नाही. पोरीचा जो काही राग असेल तो आपल्यावर राहू दे, असं तिने ठरवलं होतं.

घरी आल्यावर ती खाटेवर बसून राहिली. लादीवर जागोजाग खळीचे आणि प्लास्टरचे डाग वाळले होते. शेजारीण डोकावून गेली, म्हणाली, "आता तरी घर नीट राहील." आत्या बरं म्हणाली. पुढच्या आठवड्यात कारखान्यातून निघताना तिच्या हातात नेहमीची पिशवी होती, कात्रणांनी भरलेली. घरी येऊन तिने ती दाराशी टेकवली, आणि मग तिला कळलं. दुसऱ्या दिवशी तिने ती कारखान्यात परत नेली. असं तिच्याकडून आणखीही काही वेळा झालं.

सुरुवातीला मुंगी रोज फोन करायची आणि रडायची. "मला घ्यायला ये," म्हणायची. आत्या इकडे तोंडात बोळा कोंबून ऐकायची आणि मग विचारायची, "आज काय केलंत दोघींनी?" मग फोन दिवसाआड येऊ लागले. मग सुट्टीच्या दिवशी. मुंगी रडायची थांबली. या खेपेला ते चांगलं होतं.

शाळेला मोठी सुट्टी लागली तेव्हा एकदा आत्यानेच कारखान्यातून, जेवणाच्या वेळात, फोन केला. भावजयीने उचलला. मागून मुंगीचा आवाज येत होता, चांगलाच चढलेला. "धर ना गं नीट! तू सोडलंस की सगळं खाली येतं!"

"थांबा हं ताई, बोलावते तिला," भावजय धापा टाकत म्हणाली. "मुंगे, आत्याचा फोन!"

"आत्ता नाही! हात भरलेत माझे! आत्याला सांग, नंतर करते!"

भावजय ओशाळली. "ताई, रागावू नका. ती ना, एकदा बसली की..."

"माहितीय मला," आत्या म्हणाली. "नको उठवूस तिला. तू जा, धर ते नीट."

तिने फोन ठेवला. कात्रीवाली समोर डबा उघडून बसली होती. "काय म्हणते पोर?"

"कामात आहे," आत्या म्हणाली. तिला हसायचं होतं, तसं तोंडही झालं होतं. पण मग तिने कारखान्याच्या मळकट कामाच्या डगल्यात चेहरा खुपसला आणि ती रडली. फलाटावर नव्हती रडली ती, रिकाम्या घरातही नव्हती. तिचे खांदे नुसते हलत होते.

जेवणाची वेळ संपल्याची घंटा झाली. यंत्रं सुरू झाली, टेबलावर पुठ्ठे येऊन पडायला लागले. आत्याने तोंड वर केलं नाही. कात्रीवालीने थोडा वेळ वाट पाहिली, डबा बंद केला, आणि आत्यापुढचा पुठ्ठ्यांचा ढीग आपल्या टेबलाकडे ओढून घेतला.